धरणारं माणूस

९ जानेवारी

महोदय,

आपल्या दवाखान्यातून काल आलेल्या नमुन्यांपैकी तीन तपासणीस अयोग्य ठरले आहेत. गायीच्या नमुन्यात रक्तपेशी फुटल्या असून सीरम गुलाबी झाले आहे. मांजराच्या नळीत गाठ आहे. 'ढब्बू' असे लिहिलेल्या कुत्र्याच्या नळीत रक्त खुणेच्या निम्म्यापर्यंतच भरले आहे. एवढ्या रक्ताला नळीतले औषध जास्त होते आणि आकडे बिघडतात.

तिन्ही नमुने नव्याने पाठवावेत. बर्फाच्या पिशव्या व्यवस्थित होत्या, त्याबद्दल तक्रार नाही.

आपली,
प्रमुख, पशुरोगनिदान प्रयोगशाळा

२ फेब्रुवारी

महोदय,

ढब्बू या कुत्र्याचा नवा नमुना मिळाला. त्यात पोटॅशियम इतके वर आणि कॅल्शियम इतके खाली आले आहे की हे आकडे खरे असते तर हा कुत्रा आपल्या दवाखान्यात चालत आला नसता. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असते त्यात पोटॅशियम असते आणि ते कॅल्शियम अडवून ठेवते, हे आपल्याला सांगायची गरज नाही. लाल टोपणाच्या नळीत रक्त कमी पडले म्हणून कोणीतरी जांभळीतले त्यात ओतले आहे. या आकड्यांवर कोणताही उपचार सुरू करू नये.

वरचं टाइप केलंय. हे खालचं हाताने लिहिते आहे.

बाब्या, हे तू केलेलं नाहीस. असल्या चुकीवरून बाबांनी तुला कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत असं झापलं होतं की तू दोन दिवस जेवणाच्या टेबलावर आला नव्हतास. मग कोणाला ठेवलंयस कामाला? जो कोण असेल त्याला शिकव, नाहीतर काढून टाक.

२० फेब्रुवारी

बाब्या,

काल तू प्रयोगशाळेत फोन केलास. फोन माझ्या सहकारी बाईंनी उचलला आणि तू म्हणालास, "रिपोर्ट तुम्हीच सांगा, मॅडमना फोन देऊ नका." त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण त्यांच्या दोन्ही हातांत नळ्या होत्या. मी समोरच उभी होते. बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की मीच त्यांना म्हटलं, "असू दे, आमचं घरचं आहे."

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे नमुन्यांच्या परत जाणाऱ्या रिकाम्या पेटीत घालून पाठवते. पेटी तर तुला उघडावीच लागेल.

तुझे नमुने खराब का येतात याच्या मागे मी गेले दोन आठवडे लागले आहे. आधी मला वाटलं गाडीवाला पेटी इंजिनाशेजारी ठेवतो. त्याला विचारलं तर तो रागावला. त्याने मला गाडी उघडून दाखवली, पेटी मागच्या कप्प्यात, पट्ट्याने बांधलेली. मग वाटलं रस्त्यात हिसके बसत असतील. पण त्याच गाडीतून, त्याच रस्त्याने आणखी दोन दवाखान्यांचे नमुने येतात आणि ते स्वच्छ असतात. सुया बदलल्यास का? बारीक सुईतून जोरात ओढलं तरी पेशी फुटतात. सुई काढून न टाकता सिरिंजमधून दाबून नळीत भरलं तरी तेच. सीरम लगेच वेगळं केलं नाहीस तर नळीतल्या पेशी साखर खात बसतात. परवाच्या बोक्याचं उलट, त्याची साखर चढलेली होती. पण मांजर घाबरलं की अर्ध्या मिनिटात साखर चढते, आणि त्या नळीवर बोक्याचे केस आणि थोडं तुझंही रक्त होतं असं आमच्या बाई म्हणतात. ओरबाडलं का रे फार?

इथे आमचीही काही रड कमी नाही. दोन जण सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. जुनं यंत्र सकाळी तापेपर्यंत मनाला येईल ते आकडे देतं. मी रोज आधी आकडे ठाऊक असलेला नमुना घालून त्याची जीभ सरळ करते आणि मगच तुमच्या नळ्यांना हात लावते. म्हणजे चूक आमच्याकडची नाही, हे मी सवयीने म्हणत नाही, रोज तपासून म्हणते. दमायला होतं. तरी करते.

ढब्बूबद्दल. या वेळचा नमुना जेमतेम चालण्याजोगा होता. मूत्रपिंडं थकली आहेत, क्रिएटिनिन चार पूर्णांक आठ. तू फोनवर बाईंना म्हणालास की शेजारच्या गावातल्या यंत्रावर तीन पूर्णांक नऊ आलं, म्हणजे कुत्रा सुधारतोय. नाही रे. दोन यंत्रांचे आकडे एका कागदावर शेजारी मांडून वजाबाकी करू नये, हे तूच मला एकदा तावातावाने सांगितलं होतंस. शिवाय तो तहानलेला होता का, आदल्या रात्री मांस खाल्लं होतं का, त्यानेही आकडा हलतो. उपाशीपोटी, पाणी पाजून, एकाच वेळी रक्त आणि लघवी दोन्ही घे. मग बोलू.

कुणाचा आहे हा कुत्रा? तू त्याच्यासाठी फार धावपळ करतोयस.

ताई

६ मार्च

बाब्या,

आज तुझ्या पेटीतल्या सहा नळ्यांपैकी चार टाकल्या. ढब्बूची त्यातच. नळी पुसली तर बाहेरून रक्ताचे ओघळ, चिठ्ठीवर तुझं अक्षर वाकडंतिकडं, नाव अर्धवट.

मी आता सरळच विचारते. तुझे हात थरथरतात का?

मला सगळ्या खुणा तिकडेच नेतात. शीर एकदा चुकली की दुसऱ्यांदा टोचावं लागतं, रक्त हळूहळू येतं, हळू आलं की गोठतं, गोठेल या भीतीने माणूस जोरात ओढतो, ओढलं की पेशी फुटतात. नळी अर्धी भरते. मग घाईत या नळीतलं त्या नळीत. बाबांचं असंच झालं होतं. शेवटच्या वर्षांत त्यांच्या चहाच्या कपाचा बशीवर आवाज यायचा आणि आपण दोघंही ऐकलं नाही असं दाखवायचो.

त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून आज लिहिते. बाकावर लोक बसले होते, टेबलावर कुत्री भूल देऊन झोपवलेली होती, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "बाबा, सुरी खाली ठेवा." त्यांनी ठेवली. हात धुतले, टॉवेल घडी करून जागेवर टांगला, आणि बाहेर गेले. नंतर दवाखान्यात त्यांनी पाऊल टाकलं नाही. मी घरी येऊन तुला नको नको ते बोलले आणि तू म्हणालास, "तू इथे राहतेस का? रोज बघतेस का?" मग मी पिशवी उचलून निघाले, ती थेट त्यांच्या अंत्यविधीला परत आले. तेव्हाही आपण लाकडांबद्दल आणि पाहुण्यांच्या झोपायच्या सोयीबद्दल बोललो, बस्स.

तू म्हणालास ते बरोबर होतं. जिथे म्हणालास ती जागा चूक होती. मी तेव्हाही हेच म्हणत होते, आजही हेच म्हणते. म्हणून मी तुला सांगायला ही जागा निवडली आहे. बंद पाकीट, वर दुसऱ्या कुणाचं नाव नाही. दाखवून घे. मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. तोवर दुसऱ्या कुणाला तरी रक्त काढू दे. चिमणीला सांग, ती तुला ओढून नेईल. तुझ्या बायकोचं तू ऐकतोस, माझं नाही ऐकलंस तरी चालेल.

ताई

१४ मार्च

बाब्या,

तुझी चिठ्ठी नळ्यांना गुंडाळलेली होती, त्यामुळे आधी नळ्याच काढून ठेवल्या आणि मग दिसली.

"ताई, हात ठीक आहेत. धरायला कोणी नाही. नोव्हेंबरपासून."

मी ती तीनदा वाचली आणि काही कळेना. मग गाडीवाल्याला थांबवलं. तो म्हणाला, "डॉक्टरांच्या बाईंना अर्धांगाचा झटका आला ना. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. सख्ख्या बहीण तुम्ही." मी म्हटलं, "हो, हो, माहीत आहे." का म्हटलं कोण जाणे. त्याच्यासमोर लाज वाटली. तो गेल्यावर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आमच्या बाई दोनदा बोलवायला आल्या.

इतके महिने मी तुझ्या हातांकडे बघत होते. टेबलाच्या पलीकडे दुसरे दोन हात असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि ते तर मला ठाऊक होते. चिमणी एवढीशी, म्हणून तर आपण तिला चिमणी म्हणायला लागलो, पण बैलाएवढा कुत्रा तिच्या काखेत मान घालून उभा राहायचा. ती काही बोलायची नाही, नुसती अंगाला अंग लावून उभी राहायची आणि अंगठ्याने शीर दाबून धरायची. तुला सुई घालून बाहेर काढण्यापुरतंच काम उरायचं. बाबा म्हणायचे, डॉक्टर हीच आहे, तू नुसता टोचणारा.

मला बाबांच्या हाताचं भय होतं, म्हणून मला तेच दिसलं. याला काय म्हणायचं ते म्हण.

का नाही कळवलंस? नाही, याचं उत्तर देऊ नकोस. मला ते येतं.

ढब्बू तिचा आहे ना? आधीच का नाही कळलं मला. बाबा गेल्यापासूनच्या चार वर्षांत तुम्ही कुत्रा पाळल्याचंही मला माहीत नाही.

शनिवारी पहिल्या गाडीने येते. येऊ नको म्हणालास तरी येते, त्यामुळे तो फोन वाया घालवू नकोस. ढब्बूला शुक्रवारी रात्रीपासून खायला देऊ नको, पाणी भरपूर ठेव. मी धरीन.

ताई

२६ मार्च

बाब्या,

ढब्बूचा अहवाल सोबत आहे, पण तो उघडण्याआधी हे वाच.

शनिवारी तू पहिल्याच टोचणीत रक्त काढलंस. मला नीट धरता येत नव्हतं, माझी पाठ गेली आहे आणि सवयही गेली आहे, तरी काढलंस. सीरम कोरड्या गवताच्या रंगाचं, स्वच्छ. नळ्या खुणेपर्यंत भरलेल्या. कुत्रा उपाशी होता, पाणी प्यायलेला होता, तिथल्या तिथे सीरम वेगळं केलं, आणि पेटी मी माझ्या मांडीवर घेऊन आले. यंत्र आधी तपासलं. दोनदा चालवलं, मग दुसऱ्या यंत्रावर चालवलं. गेले अडीच महिने आपल्याकडे दर वेळी एक सबब होती. या वेळी एकही नाही. क्रिएटिनिन सहाच्या वर आहे, फॉस्फरस वर आहे, आणि लघवी पाण्यासारखी पातळ. एवढ्या पाण्यावरही मूत्रपिंडं काही धरून ठेवत नाहीत.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. जनावराचा आकडा रोज थोडा हलतो, आठवड्याने पुन्हा बघू. हलतो. पण इतका नाही. पाठवलास तर मी तपासीन, माझं कामच आहे ते, पण तेव्हा तू मला कुत्र्याचं रक्त नाही, तुझी आशा तपासायला पाठवत असशील.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तू दुपारी वासरासाठी बाहेर गेलास तेव्हा मी मागच्या खोलीत चिमणीजवळ बसले होते. आधी मला तिच्याकडे बघवेना. मग तिने डावा हात पुढे करून माझ्या केसांना लावला आणि तोंड वाकडं केलं. पांढरे झाले म्हणून. मला हसू आलं आणि मग दुसरंच काहीतरी आलं. तिने मला रडू दिलं. तुझ्या शेजारणीने पेज आणून ठेवली होती, ती मी तिला भरवली. अर्धी सांडली. तिने डोळ्यांनी मला खालचा टॉवेल दाखवला, म्हणजे अजून स्वयंपाकघर तीच चालवते आहे असं समज.

शब्द एक-दोनच उरलेत, तेही हवे तेव्हा येत नाहीत, हे तू सांगितलंच होतंस. पण ढब्बू तिच्या पलंगाशी आला तेव्हा तिने त्याचं तोंड जवळ ओढलं, हुंगलं, आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. पुन्हा हुंगलं, पुन्हा माझ्याकडे. मूत्रपिंडं गेली की तोंडाला येणारा तो वास तुला माहीत आहे, मलाही. मग तिने त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला, एकेक बरगडी मोजल्यासारखा, आणि हात पलंगावर उताणा टाकला. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. अहवालही नव्हता तेव्हा.

तू तिच्यापासून हे लपवतो आहेस. तिला धक्का बसेल म्हणून लपवतो आहेस, कळतं मला. पण बाब्या, ढब्बूचं काय करायचं ते तिला विचार. ती काय उत्तर देईल ते तुलाही ठाऊक आहे, म्हणूनच तू विचारत नाहीस. तरी विचार. बाबांना आपण दोघांनीही विचारलं नव्हतं. तू सांगून मोकळा झालास, मी भांडून मोकळी झाले.

त्याला कायमचं झोपवायचं ठरवलंस तर मला कळव. धरायला येईन. दोन दिवसांची सुट्टी बाजूला ठेवली आहे.

ताई

९ एप्रिल

बाब्या,

पोचले. गाडी उशिरा होती. घरी आले तर दूध नासलेलं, झाडं सुकलेली. बूट न काढताच तुला लिहायला बसले आहे, कारण सकाळी यंत्रापाशी उभी राहिले की हे निघून जाईल.

रविवारी तू सुईकडे बघत होतास, बघायलाच हवं होतं, म्हणून तुला जे दिसलं नसेल ते सांगते.

आपण दोघांनी ठरवलं होतं की मी धरणार. मी एप्रन घालून तयार होते. तू ढब्बूला टेबलावर घेणार तेवढ्यात चिमणीने पलंगाच्या कठड्यावर हात आपटला. तू म्हणालास, "काय हवंय? पाणी?" तिने पुन्हा आपटला. मग तुझ्या लक्षात आलं आणि तू म्हणालास, "अगं, एका हाताने कसं जमेल तुला?" आणि तिने तुझ्याकडे असं बघितलं की मी एप्रनची गाठ सोडली.

ढब्बूला तू तिच्या पलंगावर ठेवलंस. त्याने आपणहून तिच्या काखेत मान घातली. तिचा उजवा हात पांघरुणावर पडला होता, पण डाव्या हाताने तिने त्याचा पाय कोपराखाली धरला आणि अंगठ्याने शीर दाबली. ती शीर मला दारातून दिसत होती, इतकी वर आली. कुत्रा हलला नाही. तू एकदाच टोचलंस आणि तिने अंगठा सैल सोडला.

तेव्हा ती ढब्बूकडे बघत नव्हती. तुझ्या हाताकडे बघत होती, पूर्ण वेळ. तुझा हात किंचितही हलला नाही आणि तिच्या तोंडावर ते बघून बरं वाटल्याचं दिसत होतं. कुत्र्यासाठी ती आधीच रडून घेऊन बसली होती बहुतेक. कधी, ते आपल्यापैकी कुणाला माहीत नाही.

तू "झालं" म्हणालास आणि तसाच उभा राहिलास, रिकामी सिरिंज हातात घेऊन. मला वाटलं मी पुढे व्हावं, सिरिंज घ्यावी, ढब्बूला उचलावं. मी त्याचसाठी आले होते. पण तिने ढब्बूचा पाय सोडला, पलंगाची कड थोपटली, आणि स्पष्ट म्हणाली, "बस."

ढब्बूला म्हणाली, की पुरे झालं असं म्हणाली, की तुला, मला कळलं नाही. ती कुत्र्यांना हेच म्हणायची. तू नंतर स्वयंपाकघरात मला विचारलंस, "ताई, ती काय म्हणाली? तू ऐकलंस ना?" आणि मी म्हटलं, "ऐकलं." बाकीचं सांगायला हे पत्र.

तिला काय म्हणायचं होतं ते राहू दे. तू बसलास. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच दिवसाउजेडी बसला असशील. कुत्रा मध्ये, ती पलीकडे, तू अलीकडे. बाहेर बाकावर कोणीतरी खोकत होतं, त्यांच्या पिंजऱ्यातली कोंबडी ओरडत होती. मी बाहेर जाऊन त्यांना सांगितलं, "डॉक्टर येताहेत, थोडा वेळ लागेल." आणि दार लोटून घेतलं.

ताई